कॉब्स क्रीकचे गोल्फ मैदान : जीर्णोद्धाराचा प्रश्न

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिम सीमेवर, कॉब्स क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी, १९१६ साली एक सार्वजनिक गोल्फ मैदान खुले झाले. त्या काळी गोल्फ हा मुख्यत्वेकरून खासगी क्लबांचा, म्हणजेच सधन वर्गाचा खेळ होता. असे असताही या मैदानाची आखणी ह्यू विल्सन याने केली. जवळच असलेले मेरियन क्लबचे विख्यात मैदान याच्याच हातचे होय. ओढ्याची वळणे व भूमीचा चढउतार यांचा त्याने असा कुशल उपयोग केला की, क्लबाचे सभासदत्व ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांनाही उत्तम मैदान लाभले.

परंतु कॉब्स क्रीकचे ऐतिहासिक महत्त्व केवळ आखणीत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने १९३४ साली आपले सभासदत्व श्वेतवर्णीयांपुरते मर्यादित केले, आणि हे कलम १९६१ पर्यंत टिकले. या काळात कॉब्स क्रीक कृष्णवर्णीय खेळाडूंना मोकळे होते. हॉवर्ड व्हीलर व चार्ली सिफर्ड यांचे खेळ येथेच बहरले. पुढे १९६१ साली सिफर्ड हाच त्या संघटनेच्या दौऱ्यावरील पहिला कृष्णवर्णीय सभासद ठरला. ज्या संघटनेची दारे त्याला बंद होती, तिच्याच दौऱ्यातील 'डेली न्यूज ओपन' ही स्पर्धा १९५५ व १९५६ साली याच मैदानावर व्हावी, यातील विसंगती लक्षणीय आहे.

ऱ्हासाची कारणे अनेक होत. १९५० नंतरच्या दशकात सैन्याने विमानवेधी तळासाठी काही जमीन घेतल्याने मूळ आखणी विस्कटली. ओढ्याच्या वरच्या अंगास वस्ती वाढून जमीन फरसबंद होत गेली. तेव्हा पावसाचे पाणी मुरेनासे झाले, पूर वाढले व काठ ढासळू लागले. देखभालीस पैसा अपुरा पडला. २०१६ साली आगीत क्लबगृह नष्ट झाले आणि २०२० साली मैदान बंद पडले.

२०२२ साली शहराने हे मैदान एका विश्वस्त संस्थेस दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. गिल हॅन्स व जिम वॅगनर यांनी विल्सनची आखणी पुन्हा साकारण्याचे काम हाती घेतले; ओढ्यास पसरावयास जागा देण्याचेही त्यात योजिले गेले. त्याच वर्षी झालेल्या वृक्षतोडीस मात्र रहिवाशांनी हरकत घेतली. २०२५ साली टायगर वुड्सच्या प्रतिष्ठानाचे मुलांसाठीचे शिक्षणकेंद्र तेथे सुरू झाले.

मराठीत 'जीर्णोद्धार' व 'पुनर्विकास' या दोन शब्दांत अर्थभेद आहे. पुनर्विकासात जागा तीच राहते, तिचा उपयोग मात्र बदलू शकतो. जीर्णोद्धारात वास्तूबरोबर तिची वहिवाटही पुन्हा सुरू होणे अभिप्रेत असते. देवळाची शिखरे उभारली, पण गावाची वर्दळ तुटली, तर त्यास कोणी जीर्णोद्धार म्हणणार नाही. कॉब्स क्रीकची वहिवाट म्हणजे सर्वांस मिळणारा प्रवेश. विल्सनचे होल हुबेहूब सिद्ध झाले, परंतु खेळण्याचे शुल्क शेजारच्या वस्तीस परवडेनासे झाले, तर भूमी तेवढी पूर्ववत होईल. ज्या कारणाने ती ऐतिहासिक ठरली, ते कारण मात्र नाहीसे होईल. या उपक्रमाचे मूल्यमापन अखेर याच कसोटीवर करावे लागेल.