बैल, घोडा आणि सेकंडहँड गाडी

२००७ सालची गोष्ट. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, खिशात थोडे पैसे खुळखुळायला लागले होते, आणि मी पहिली गाडी घेतली. सेकंडहँड, पण एकदम चकाचक! मित्राच्या ओळखीतल्या एका एजंटकडून. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय, तर सोसायटीभोवती दोन चकरा. एसी गार, गाणी जोरात, सौदा पक्का.

पाऊस सरल्यावर आम्ही चौघे सिद्धगडाला निघालो. मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरांना खेटून असलेला हा किल्ला. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. आधी त्यांचं स्मारक बघायचं, मग गड चढायचा असा बेत होता. तो बेतच राहिला. म्हसा गावाच्या अलीकडे एका उतारावर गुरं आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली! गाडी थांबली ती शेताच्या बांधाला टेकून. कुणाला लागलं नाही, पण माझे हात अर्धा तास थरथरत होते.

मुरबाडहून मेकॅनिक आला. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता. त्याला शंका आली म्हणून त्याने सीटखालचं कार्पेट उचकटलं. खाली वाळलेला चिखल. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर पट्ट्यावर तपकिरी रेघ. "साहेब, ही पाण्यातली गाडी हाय. सव्वीस जुलैची."

बघायला जमलेल्यांत एक म्हातारे बाबा होते. ते म्हणाले, "आमी बैल घेताना दात मोजतो, चालवून बगतो. तुमी लाखाची गाडी घेतली, दात नाय मोजले?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधायचा पगार घेणारे आम्ही चौघे!

बाबा जे बोलले त्याला मोठा इतिहास आहे. म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. आता विकणारा काय करतो? शिंगं तासतो, रंगवतो, अंगाला तेल लावतो. म्हणून जाणकार शिंगांकडे बघतच नाही. तो बैलाचं तोंड उघडतो. दुधाचे दात असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळलेला. मग खूर बघायचे, चालवून बघायचं, जमलं तर जुंपून बघायचं. आणि मुख्य म्हणजे एकट्याने जायचं नाही, गावातला एखादा जाणता माणूस सोबत न्यायचा. धर्माच्या गायीचे दात बघू नयेत हे ठीक, पण आपण तर पैसे मोजत असतो!

पण विकणाऱ्याने स्वतःहून खोड सांगायला नको का? घरी आल्यावर मी रागारागात कायदा उघडला. (वकील मित्राला फोन करून भंडावलंही.) १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १७. तिथे मोटारगाडी नाही, पण घोडा आहे. उदाहरण असं: एकाने लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. ही फसवणूक का? कायदा म्हणतो, नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे.

मी थक्क झालो. पण पुढची दोन उदाहरणं वाचा. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र खोड सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं: घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो', आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. म्हणजे एक प्रश्न विचारला की सगळं बदलतं! शिवाय कलम १९ सांगतं की साधी काळजी घेऊन खरं काय ते कळलं असतं, तर अशा गप्प राहण्याच्या फसवणुकीचं कारण देऊन करार मोडता येत नाही. दात मोजा, असंच सांगतोय की कायदा.

याच प्रश्नावर एका माणसाला नोबेल मिळालं. जॉर्ज अकरलॉफ. त्याचा निबंध जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल. चांगली गाडी कुठली हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, आणि बाजारात उरतात खराब गाड्या. गंमत म्हणजे १९६७-६८ मध्ये तो भारतात होता आणि निबंध नाकारल्याचं पहिलं पत्र त्याला इथेच आलं. तीन ठिकाणी नकार मिळून अखेर १९७० मध्ये छापून आला, २००१ मध्ये नोबेल. त्या निबंधात आपल्या बाजारातला तांदूळही आहे, खडे निवडून घ्यावा लागणारा!

माझ्या गाडीतला खडा कुठून आला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणमध्ये शिरलं. असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी विमा कंपनी निकालात काढते, सांगाडा लिलावात जातो, कुणीतरी धुऊन-सुकवून विकतो. वरून काही कळत नाही. पण क्लिपखाली पाइप गंजत राहतो, ब्रेक ऑइलमध्ये पाणी गेलं की ते कमी तापमानाला उकळतं, वायरिंगचे जोड हिरवे पडतात. दोष वर्ष-दोन वर्षांनी बाहेर येतो, तोवर गाडी तिसऱ्याच्या दारात. टॅक्सी-ट्रकला ठरावीक काळाने फिटनेस सर्टिफिकेट लागतं. खासगी गाडीची नोंदणी एकदम १५ वर्षांची. पीयूसीत फक्त धूर मोजतात. मधल्या काळात गाडीखाली डोकं घालून बघायची सक्ती कुणावरच नाही.

तेव्हा मंडळी, दात असे मोजा. विकणाऱ्याचा नव्हे, आपला मेकॅनिक न्या आणि गाडी रॅम्पवर चढवा. सगळे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटचे बोल्ट बघा. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, दाराचं रबर काढल्यावर वेल्डिंग कंपनीचंच दिसतं का, तेही बघा. सर्व्हिसचा आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. चासी नंबरवरून कंपनीकडे रिकॉलची चौकशी करा. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. आणि लेखी विचारा: 'गाडी पाण्यात बुडाली होती का? मोठा अपघात झाला होता का? नाही म्हणाला नाहीत, तर काही झालं नाही असं धरतो.' व्हॉट्सअ‍ॅपवर एक मिनिटाचं काम.

राहता राहिली माझी गाडी. पाइप बदलला, पण बाकी काय काय गंजतंय कोण जाणे. वर्षभरात विकायला काढली. एक मुलगा आला, नुकता नोकरीला लागलेला, आईवडिलांना फिरवायचं म्हणत होता. त्याने एसी लावून बघितला, गाणी लावून बघितली. ब्रेकबद्दल एक शब्द नाही. मी गप्प बसलो असतो तर कायदा माझ्याच बाजूने होता.

मला ती उदाहरणातली मुलगी आठवली. सगळं सांगितलं. तो थँक्यू म्हणून निघून गेला. शेवटी गाडी भंगारात दिली. पैसे बुडाले, पण त्या उताराची स्वप्नं पडणं थांबलं.

असो. सिद्धगड नंतर झाला. एसटीने!