चार वर्षांची मुदत

गेल्या दिवाळीत आमच्या मुलुंडच्या घरात चकलीच्या भाजणीपेक्षा एका अर्जाचीच चर्चा अधिक झाली. माझी नात इथल्याच एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. उरलेले शिक्षण परदेशातील एखाद्या नामांकित विद्यापीठात पुरे करावे, असे तिच्या मनाने घेतले. याला हल्ली 'ट्रान्सफर' म्हणतात. आमच्या पिढीला हा शब्द फक्त सरकारी नोकरांच्या बदलीपुरता ठाऊक! अर्जातले प्रश्न मात्र मोठे मार्मिक होते. आज जिथे शिकता ते का सोडता? आमच्याकडेच का येऊ पाहता? आजवर केलेल्या अभ्यासापैकी किती जमेस धरावा? शिवाय दोन गुरुजनांची शिफारसपत्रे जोडा. सूनबाई तळणीपाशी बसून म्हणाली, "सुखाचे चालले आहे, ते सोडून हा उपद्व्याप कशाला?" सासू-सुनेचे एरवी क्वचितच एकमत होते, ते त्या दिवशी झाले.

नात माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमच्या आधीच्या काळी असं एका विद्यापीठातून दुसऱ्यात कोणी जात होतं का हो?"

मी म्हटले, "जात होते. आपल्याच लोकलच्या वाटेवर परळला एक चाळ आहे, तिथला एक विद्यार्थी तर तीन देशांतली तीन विद्यापीठे करून आला." तिला वाटले, आजोबा नेहमीप्रमाणे गोष्ट रचतात. म्हणून मी कपाटातली चरित्रे काढली, आणि फराळाची ताटे सरकवून आम्ही दोघे बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेच्या तारखा जुळवीत बसलो. या लेखाचा उगम तोच.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याकडे पाठ केली जाते. यादीचा एक दोष असा की, तीत सगळे सरळ रेषेत घडल्यासारखे दिसते: मुंबई, मग कोलंबिया, मग लंडन. तारखा शेजारी-शेजारी मांडल्या म्हणजे निराळेच चित्र उभे राहते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन असा करार लिहून घेतला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१५ साली एम. ए. झाले. तिथे सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे, तर जॉन ड्युई हे तत्त्वज्ञानाचे गुरू लाभले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. जूनमध्ये डॉक्टरेटचा प्रबंधही सादर केला.

आता येथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. हाती पीएच. डी. येऊ घातलेली, आणखी थोडे दिवस काढावेत, प्रबंध छापावा आणि पदवी घेऊन घरी यावे. कारण त्या काळी कोलंबियाचा नियम असा की, छापील प्रबंधाच्या प्रती दाखल झाल्यावाचून पदवी मिळत नसे. छपाईला पैसे लागतात. ते नव्हते. बाबासाहेबांनी पदवी तशीच टांगणीवर ठेवली आणि ते लंडनला निघाले. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. नातीच्या अर्जातील शिफारसपत्राचा हा जुना अवतार! ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूलमध्ये नाव दाखल झाले, नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. एकीकडे हॉबहाउस यांचे समाजशास्त्र, दुसरीकडे मॅकिंडर यांचा भूगोल, तिसरीकडे कायदा. कोलंबियात इतके शिकूनही लंडनच्या पदव्यांची पायरी पुन्हा खालून चढणे आले.

"म्हणजे क्रेडिट मिळालंच नाही!" नात उद्गारली. तिच्या जिव्हाळ्याचा विषय तो.

तर असे एक वर्ष जाते न जाते, तोच १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून बोलावणे आले आणि करार पाळणे भाग होते. त्या वेळची त्यांची स्थिती कागदावर मांडून पाहा. कोलंबियाची डॉक्टरेट छपाईवाचून अडलेली, लंडनची पदवी अर्धवट, बॅरिस्टरी अर्धवट. तीन देशांत शिकून छातीशी धरावे असे काय, तर एक एम. ए. आणि एक परवानगीचा कागद. तो कागद मिळवून देण्यात प्राध्यापक एडविन कॅनन यांचा हात होता. लंडन विद्यापीठाने या विद्यार्थ्याला रजा दिली होती: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत यावे, अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे सुरू करता येईल. त्यापुढे नाही.

महायुद्धाचे दिवस होते. सामान आणि पुस्तके निराळ्या बोटीने पाठविली, ती बोट पाणतीराने बुडविली. वर्षानुवर्षे पोट मारून जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये आले, ते बडोद्याच्या प्रवासाला कामी पडले. बडोद्यात काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोलंबियात ज्यांच्या मांडीला मांडी लावून जग बसत होते, त्यांना त्या शहरात राहायला खोली मिळेना; पारशी म्हणून एका विश्रामगृहात राहिले, तिथून लोकांनी काठ्या घेऊन हाकलले. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले, परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत.

मला स्वतःला या चरित्रातला जो भाग वारंवार वाचावासा वाटतो, तो येथून पुढचा. सभा, सत्याग्रह, घटना ही पुढली थोर प्रकरणे आहेत. पण १९१७ ते १९२० ही तीन वर्षे म्हणजे एका मुदतीशी लावलेली शर्यत आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आरंभी शिकवण्या केल्या. शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे दुकान थाटले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेना. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. इतर कॉलेजांतले विद्यार्थी त्यांची व्याख्याने ऐकायला येत. आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांच्या पिण्याच्या पाण्याला त्यांनी हात लावू नये अशी काहींची इच्छा होती. मार्च १९२० पर्यंत ही नोकरी चालली. हिशेब केला तर सोळा महिन्यांचे सात हजार दोनशे रुपये होतात. त्यातून घर चालवायचे आणि विलायतेची बेगमीही करायची. चार-साडेचारशे रुपये त्या काळी थोडे नव्हेत. आणखी एखादा माणूस असता तर चाळ सोडून चांगल्या वस्तीत बिऱ्हाड केले असते. आंबेडकरांचे बिऱ्हाड चाळीतच राहिले. रमाबाईंनी मोजक्या पैशांत संसार रेटला. लंडनच्या त्या पदवीच्या अर्जावर शिफारसपत्र कॅननांचे आणि सेलिग्मन यांचे खरे, पण तिसरे, न लिहिलेले पत्र या माउलीचे होते, असे मला वाटते. आमच्या सौ.ला हे वाक्य वाचून दाखविले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता समजलं ना?"

नोकरीतली बचत पुरेना. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्ज दिले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले. सप्टेंबरअखेर लंडन स्कूलमध्ये पुन्हा हजर. मुदत सरायला अवघे एक वर्ष उरले होते!

फॉक्सवेल यांचे त्या नोव्हेंबरातले एक पत्र मोठे गमतीचे आहे. हा गृहस्थ आधीच डॉक्टर झालेला आहे हे आपण विसरलो होतो, याला येथे जिंकायला आता नवी जगे उरली नाहीत, अशा अर्थाचे ते आहे. कौतुक होते की हात झटकणे होते, कोण जाणे! जिंकायचे राहिलेले जग बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताच आत आणि बंद होताना बाहेर, असा क्रम चालला. रात्री भूक लागली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले चार पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे. दिवाळीला डबाभर पापड तळणाऱ्या आपण मंडळींनी ते चार पापड डोळ्यांपुढे आणून पाहावेत. प्रबंधाचा विषय होता रुपया आणि पौंड यांचा विनिमय. आणि १९२० च्या आरंभी दोन शिलिंगांच्या वर चढलेला रुपया १९२१ पर्यंत सोळा पेन्सांच्या आसपास घसरला. मुंबईत जमवलेले रुपये लंडनला पोहोचेतो आटत होते. ज्या प्रश्नावर ते दिवसा लिहीत, तोच रात्री त्यांच्या खिशात बसलेला असे. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांकडे दोनशे पौंडांचे कर्ज मागितले.

जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, म्हणजे चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी चार महिने. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी 'रुपयाचा प्रश्न' हा डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी फेरफार सुचविले, १९२३ मध्ये मुंबईत बसून ते करून पाठवले आणि वर्षअखेर पदवी मिळाली. कोलंबियाचे राहिलेले काम १९२५ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, ती पीएच. डी. हाती पडली १९२७ साली. प्रबंध सादर केल्यावर अकरा वर्षांनी.

येथे माझी एक गोष्ट सांगून टाकतो. घरात ती कोणाला माहीत नव्हती. १९६८ साली मीही दुसऱ्या वर्षाला असताना एका मोठ्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला होता. तेव्हा आम्ही मुलुंडला पाच रस्त्याजवळ भाड्याच्या खोलीत राहत होतो. पत्र आले: जागा आहे, पंधरा दिवसांत शुल्क भरावे. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी पत्र घडी करून ट्रंकेत ठेवले आणि सोळाव्या दिवशी पूर्वीच्याच कॉलेजात जाण्यासाठी नेहमीची लोकल पकडली. पुढे संसार झाला, नोकरी झाली, तक्रार कसलीच नाही. मात्र मुदत वाढवून मागावी, एक पोस्टकार्ड टाकून 'वर्षभर जागा राखाल का' एवढे विचारावे, हे मला त्या पंधरा दिवसांत सुचलेच नाही. नकार आला असता तर आला असता. बाबासाहेबांचे ते चार वर्षांचे प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्या रात्री ट्रंक उघडून ते पत्र पुन्हा पाहिले.

नातीने ऐकून घेतले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि तिसरं विद्यापीठ?"

तिसरे जर्मनीतले बॉन. लंडनचा अभ्यास चालू असतानाच, १९२१ मध्ये, बाबासाहेबांनी तिथे प्रवेशासाठी जर्मन भाषेत आपल्या हाताने जीवनवृत्त लिहून पाठवले. एप्रिल १९२२ मध्ये नावही दाखल झाले. पण लंडनचा प्रबंध, बॅरिस्टरी आणि पैशांची ओढाताण यांतून बॉनच्या वर्गात बसणे जमले नाही. जानेवारी १९२३ मध्ये गैरहजेरीमुळे पटावरून नाव कमी झाले.

"म्हणजे त्यांचाही एक अर्ज वाया गेला," ती म्हणाली, आणि तिने कागद पुढे ओढला. 'सध्याची संस्था का सोडता' या रकान्यात आधी लिहिलेल्या चार गोड ओळी तिने खोडल्या आणि नव्याने लिहायला घेतले. काय लिहिले ते मला दाखवले नाही. शिष्यवृत्ती न मिळाल्यास प्रवेश एक वर्ष राखून ठेवता येईल काय, अशी चौकशी मात्र शेवटी जोडली. ती ओळ मी सांगितली होती. अर्जाची अखेरची तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी होती. पाडव्याच्या रात्रीच तो रवाना झाला.