कानांनीं वाचावयाचें वाङ्मय

वाङ्मय हा डोळ्यांचा विषय आहे ही समजूत आपल्याकडे फार जुनी नाहीं. छापखाना, शाळा आणि सार्वजनिक वाचनालय यांनीं ती गेल्या दोन शतकांत रूढ केली. तत्पूर्वीं ग्रंथ म्हणजे एकानें सांगावयाचा व अनेकांनीं ऐकावयाचा, हीच सामान्य रीत होती. कथा, कविता व निबंध ध्वनिरूपानें सादर करणाऱ्या ज्या ‘पॉडकास्ट’ नांवाच्या मालिका हल्लीं निघाल्या आहेत, त्यांस कोणी वाचनाचा ऱ्हास म्हणूं लागले म्हणजे आम्हांस नवल वाटतें. कोणी त्यांस अपूर्व शोध म्हणूं लागले म्हणजे तर अधिकच वाटतें. त्यांचा पूर्वेतिहास पाहतां आम्हांस महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळाच आहे. अशा वाङ्मयांत ऐकणाराला जागा कोणती?

शके १२१२ मध्यें (इ. स. १२९०) नेवासें येथें ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ग्रंथ प्रवचनरूप आहे हें सर्वांस ठाऊक असतें. पण त्यांतील श्रोता किती जागा आहे इकडे फारसें लक्ष जात नाहीं. नववा अध्याय उघडतो तोच श्रोत्यांपाशीं अवधान मागून. कोठें श्रोते वक्त्यास उत्तर देतात, कोठें गुरुस्तुति लांबली म्हणून खुद्द निवृत्तिनाथ त्यास मूळ विषयाकडे वळवितात. आमच्या वर्गांत विद्यार्थी हीं स्थळें भराभर ओलांडून पुढें जातात, कारण परीक्षेंत त्यांवर प्रश्न येत नाहींत! परंतु हीं स्थळें गाळून टाका. मागें गीतेवरील एक उत्तम टीका उरेल खरी, पण नेवाशाची सभा उठून गेलेली असेल. पुढें पुराणिक व हरिदास यांनीं हीच रीत चालविली. पोथी वाचावी, थांबावें, अर्थ सांगावा, दृष्टांत द्यावा, आणि श्रोते डुलतात कीं पेंगतात हें पाहून कथा लांबवावी किंवा आंखडती घ्यावी.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालीं निघाला आणि सांगणारा व ऐकणारा यांची प्रथमच फारकत झाली. कवि ब्राउनिंग याची गोष्ट या दृष्टीनें मोठी बोलकी आहे. १८८९ च्या एप्रिल महिन्यांत लंडनमध्यें एका स्नेह्याच्या घरीं हें यंत्र त्याच्यापुढें ठेवण्यांत आलें. तीन घोडेस्वारांच्या दौडीवरील आपली प्रसिद्ध कविता तो मोठ्या जोमानें म्हणूं लागला, आणि कांहीं ओळींनंतर अडला. स्वतःचेंच काव्य आठवत नाहीं याबद्दल त्यानें दिलगिरी दर्शविली व शेवटीं आपलें नांव मोठ्यानें उच्चारून सुटका करून घेतली. कीर्तनांत अडलेली ओळ पुढें बसलेला एखादा म्हातारा पुरवितो आणि ती चूक त्याच क्षणीं विरून जाते. येथें ती मेणावर कायमची उमटली. त्याच वर्षीं १२ डिसेंबरला व्हेनिस येथें ब्राउनिंग वारला. वर्षभरानें त्याच्या चाहत्यांनीं एकत्र जमून तो आवाज ऐकला. त्याच्या बहिणीला हा प्रकार अभद्र वाटला. आम्हांस तिचें म्हणणें अगदींच अनाठायीं वाटत नाहीं.

असें असूनही या यंत्रानें एका वर्गावर जे उपकार केले, त्यांची नोंद वाङ्मयेतिहासांत क्वचितच आढळते. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेले अनेक शिपाई प्रौढ वयाचे होते. ब्रेल लिपि बोटांनीं आत्मसात् करणें त्यांना जड जाई. त्यांच्यासारख्यांसाठीं १९३५ सालीं इंग्लंडांत बोलक्या पुस्तकांच्या तबकड्या निघाल्या. त्या इतक्या मंद फिरत कीं एका बाजूवर सुमारें पंचवीस मिनिटांचें वाचन मावे, आणि एका कादंबरीस दहाएक तबकड्या पुरत. आरंभींच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती आणि कॉनरॅडची ‘टायफून’ही होती. वाचणारानें अभिनय करावा कीं नुसतें स्पष्ट वाचावें, हा वाद तेव्हांच सुरू झाला आणि अद्यापि मिटलेला नाहीं. आमचें मत नुसत्या स्पष्ट वाचनाकडे झुकतें. रडण्याचा सूर वाचणारानेंच काढला, तर ऐकणारानें काय करावयाचें?

मराठींत या यंत्रयुगाचें खरें सोनें झालें तें आकाशवाणीच्या पुणें केंद्रावर. ग. दि. माडगूळकर यांनीं रचलेलें व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलें ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीस सुरू झालें आणि १९५६ च्या रामनवमीस संपलें. आठवड्यास एक गीत याप्रमाणें, मध्यें अधिक मास आल्यामुळें, एकंदर ५६ गीतें झालीं. ह्या काव्याचें छापील पुस्तक मागाहून, १९५७ सालीं, निघालें. आधीं तें कानांवर पडलें. त्याच्या रचनेंतील मर्म असें कीं, पहिल्याच गीतांत कुश व लव रामापुढें रामकथा गातात. मुळांत वाल्मीकीचीच ही योजना आहे. नायक आपलेंच चरित्र श्रोता होऊन ऐकतो, आणि गाणारीं मुलें आपलीं आहेत हें त्यास ठाऊक नसतें. रेडिओपुढें बसलेल्या श्रोत्यास कवीनें दिलेली जागा ती हीच, रामाच्या शेजारची. गीत लागण्यापूर्वीं कित्येक घरांत रेडिओस हार घालीत व उदबत्ती लावीत असें सांगतात, तें आम्हांस नुसतें भाबडेपण वाटत नाहीं. उत्तर देतां येत नव्हतें, म्हणून त्या श्रोत्यांनीं पूजा केली.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ सालीं एका इंग्रजी वृत्तपत्रांत प्रथम छापला गेला. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकानें २००७ पासून जी कथांची मालिका चालविली, तींत एक लेखक जुन्या अंकांतील दुसऱ्या लेखकाची कथा निवडतो, वाचतो, आणि मग संपादिकेशीं तिच्याविषयीं बोलतो. ही पुराणिकाचीच रीत झाली! येथें वाचणारा स्वतःच आधीं एक श्रोता आहे, हें त्या योजनेचें बळ. आपल्याकडे मात्र अशा बहुतेक मालिकांत छापील पुस्तक जसेंच्या तसें वाचून दाखविण्यापलीकडे फारसें कांहीं घडत नाहीं. ऐकणाराच्या कानांत यंत्र असतें, भोंवतीं लोकलची गर्दी असते, आणि तो अगदीं एकटा असतो. त्याला थांबवितां येतें, मागें जातां येतें. ही सोय नेवाशाच्या श्रोत्यांना नव्हती हें कबूल केलें पाहिजे. पण तो आहे हें सांगणाराला ठाऊक असल्याची खूण बहुधा कोठेंच मिळत नाहीं.

असें कार्य कोणी मराठींत हातीं घेणार असेल, तर आम्ही ‘लीळाचरित्रा’ची शिफारस करूं. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटानें ज्यांनीं त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्या तोंडून गोळा केल्या, आणि एकाच प्रसंगाविषयीं दोघांचें सांगणें जुळलें नाहीं, तेव्हां दोन्हीं नांवानिशीं नोंदवून ठेवलीं. तो ग्रंथ एकाच्या आवाजांत वाचूं नये. जितक्या जणांनीं आठवण सांगितली तितके आवाज आणावे, आणि जेथें मतभेद आहे तेथें दोघांनाही पुरतें बोलूं द्यावें.