कंपनीची वही आणि काँगोचा माणूस

व्यापाराच्या वह्या मी इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. बखरींपेक्षा त्या पुष्कळदा खरे बोलतात. मात्र त्या कोण लिहितो आणि कोण वाचतो, हे आधी विचारावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत कारकून होता. राजा लिओपोल्डच्या ताब्यातील काँगोच्या व्यापाराचे आकडे तो पाहत असे. तिकडून रबर आणि हस्तिदंत येई. परत जाणाऱ्या जहाजांत मुख्यतः बंदुका नि काडतुसे असत. मोबदल्याचा माल जवळजवळ नव्हताच. मोरेलने ओळखले, की ही वेठबिगारी आहे. त्याने चळवळ उभारली. १९०८ साली लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. पण तो बेल्जियमच्या हाती गेला, काँगोच्या माणसांच्या नाही.

आज तिथे कोल्टन आहे. त्यातून निघणारे टँटलम मोबाइल-संगणकातील कपॅसिटरमध्ये लागते. पूर्व काँगोत माणसे हाताने हे खनिज खणतात आणि सशस्त्र गट त्यावर वसुली करतात. वर दलाल, निर्यातदार, भट्टीवाला, सुटे भाग बनवणारा आणि शेवटी नावाजलेली कंपनी, अशी उतरंड आहे. प्रत्येकजण खालच्या पायरीकडे बोट दाखवतो. ही रीत आपल्या ओळखीची आहे.

अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातील कलम १५०२ ने असे खनिज वापरण्यास बंदी घातली नाही. कंपन्यांकडून फक्त अहवाल मागितला. उद्योगपतींच्या संघटनेला तेवढेही जड झाले. आपला माल संघर्षमुक्त आढळला नाही, असे कंपनीकडून वदवणे अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध आहे, असा निकाल २०१४ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दिला. कंपनीला गप्प बसण्याचे स्वातंत्र्य मिळाले. खाणीतल्या माणसाला बोलण्याचे स्वातंत्र्य कोणी दिले?

२०२४ साली एम-२३ या गटाने रुबायाच्या खाणी घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी नोंदवले, की तिथल्या कोल्टनवरील वसुलीतून गटाला दरमहा किमान ८ लाख डॉलर मिळत आणि माल रवांडाच्या खनिजात मिसळला जाई. एकदा मिसळला, की कागद स्वच्छ!

खाणी बंद करणे हा उपाय नाही. २०१० साली काँगो सरकारने पूर्वेकडे तशी बंदी घातली, तेव्हा खणणाऱ्यांचीच रोजी बुडाली. ज्याच्या पदरी नफा पडतो, त्याने खाणीपर्यंतचे उत्तर दिले पाहिजे. खणणाऱ्याची मजुरी आणि त्याचा मृत्यू ज्या वहीत नाही, ती वही मी खोटी मानतो.