गोपाळपूर : वारी पुरी होते ते गाव

पंढरीचं माहात्म्य थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगितलं आहे. आम्ही चौथी शिकलेलो, शेती करून कीर्तन करणारे. आम्ही पंढरीच्या शेजारच्या लहानशा गोपाळपुराचं लिहितो, कारण आपली वारी तिथं पुरी होते.

पंढरपुरातून नदीकडेनं दक्षिणेला निघालं की वाटेत चंद्रभागेच्या पात्रात विष्णुपद लागतं. मार्गशीर्षात देव तिथं मुक्कामाला असतो. पुढं गोपाळपूर. इथं पुष्पावती चंद्रभागेला मिळते. टेकाडावर गोपाळकृष्णाचं दगडी देऊळ, भोवती गढीसारखा तट. रुसलेल्या रुक्मिणीमातेला शोधत देव दिंडीरवनात आले, तेव्हा सोबतचे गाई-गोपाळ इथं ठेवले, म्हणून गोपाळपूर. देवळात जनाबाईचं जातं दाखवतात. आपल्या मायमाऊल्या त्याला हात लावल्याबिगर हलत नाहीत. दळणाचे कष्ट त्यांनाच ठाऊक.

नदीवर महादेव कोळ्यांच्या होड्या. पूल नव्हते तेव्हा पैलतीराची माणसं होडीनंच पंढरीत यायची. आता गोपाळपुरात १९९८ सालापासून इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. वस्ती वाढतेय, पंढरी आणि गोपाळपूर यांच्यातलं रान कमी होत चाललंय.

आषाढी पौर्णिमेला पालख्या इथं येतात. काल्याचं कीर्तन होतं, मग लाह्या-दह्याचा काला एकमेकांच्या तोंडात घालायचा. विठ्ठलाचं देऊळ दलित बांधवांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरीत उपास करावा लागला. काल्याची शिकवण मात्र जुनीच आहे. एकदा कालवल्यावर कुणाची लाही कुठली, हे निवडता येतं का?

अलीकडं एकादशी झाली की द्वादशीलाच मंडळी एसटी धरतात. पेरणी खोळंबलेली असते, आम्हालाही कळतं, आमचंही रान आहे. पण पौर्णिमेला विणेकरी, पखवाजी आणि चार टाळकरीच उरले, तर काला कुणी कुणाला भरवायचा? २०२० आणि २०२१ साली करोनामुळं पायी वारी झाली नाही, तेव्हा त्या एका घासासाठी जीव किती तळमळला, ते आठवा.

दिंडीची शंभरी भरली. पुढच्या आषाढीला घरटी एक माणूस तरी पौर्णिमेपर्यंत थांबावा, एवढीच विनवणी. मूठभर लाह्या घरून बांधून आणा. पत्रावळी-पिशव्या नदीत टाकू नका. काला घेऊनच माघारी फिरू.

रामकृष्ण हरि.