ही जाहिरात इथे नको

१९२०च्या जानेवारीत मुंबईतून एक नवं मराठी पाक्षिक निघणार होतं. त्याची जाहिरात 'केसरी'त छापावी, अशी विनंती करण्यात आली. फुकट कुणी मागत नव्हतं, पैसे मोजायची तयारी होती. तरी 'केसरी'ने नकार दिला. पाक्षिकाचं नाव 'मूकनायक', आणि ते काढणारे भीमराव आंबेडकर. ही हकिगत आंबेडकरांनी पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहिली. टिळक तेव्हा हयात होते, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

आम्हा रत्नागिरीकरांना ही गोष्ट जरा जास्त टोचते. टिळक जन्मले रत्नागिरी शहरात, त्यांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्याच मंडणगड तालुक्यात. शाळेत आम्हाला दोघंही 'जिल्ह्याचे सुपुत्र' म्हणून एका दमात शिकवले. दोघांच्या मधली ही न छापलेली जाहिरात मात्र कुणी शिकवली नाही.

मला ती पुन्हा पुन्हा आठवते, कारण मी एका छोट्या मराठी वेबसाइटच्या जाहिराती सांभाळतो. वाचताना तुम्हाला वाटत असेल, की मजकुराच्या मधे येणाऱ्या त्या चौकोनी जाहिराती आपोआप येतात. तशा त्या येतातच. तुम्ही पान उघडता, तेवढ्या क्षणात त्या चौकोनासाठी लिलाव होतो. ज्याची बोली जास्त त्याची जाहिरात लागते, आणि त्यातला वाटा आम्हाला मिळतो. पण या लिलावाला कुणाला आत घ्यायचं, याची कडी माझ्या हातात असते. गूगल ॲडसेन्समध्ये 'संवेदनशील' प्रकारांची एक यादीच आहे: ज्योतिष आणि काळी जादू, झटपट श्रीमंती, वजन घटवणं, लैंगिक व प्रजनन आरोग्य, असं बरंच काही. प्रत्येकापुढे एक बटण. बंद केलं की तो गिऱ्हाईक गेला. आणि बोली लावणारे जितके कमी, तितका भाव खाली, हे आंब्याच्या पेट्यांचा लिलाव बघितलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून उत्पन्न वाढवायचं तर सगळ्यात सोपा सल्ला एकच मिळतो: शक्य तितकं उघडं ठेवा. धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. वशीकरणवाल्या बाबाची जाहिरात आणि बँकेची जाहिरात यांतून येणाऱ्या रुपयाचा रंग सारखाच असतो.

आता १९२० सालचा हिशोब मांडून बघा. एक जाहिरात नाकारून 'केसरी'चं काय गेलं? काही रुपये. तेव्हाच्या मराठी पत्रांमध्ये त्याचा दबदबा मोठा होता, एवढ्याने त्याला फरक पडणार नव्हता. 'मूकनायक'चं काय गेलं, ते मोजणं अवघड आहे. पहिला अंक ३१ जानेवारीला निघाला. सुरुवातीला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, पण पाक्षिक चालतं ते वर्गणीदारांवर. ज्यांच्यासाठी हे पत्र होतं, त्यांच्यात अक्षरओळख असलेले थोडे, आणि तेही गावोगाव विखुरलेले. असं पत्र निघालंय हे त्यांना, किंवा त्यांच्याबद्दल आस्था असलेल्या एखाद्या मास्तरला, कळणार कसं? आधीच घरोघर जाणाऱ्या पत्रातली चार ओळींची जाहिरात, हाच तेव्हाचा 'शेअर' होता. तो दाबला गेला. 'मूकनायक' १९२३ साली बंद पडलं. या नकारामुळेच पडलं असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण जाहिरात नाकारणं म्हणजे फक्त उत्पन्न सोडणं, हा समज इथे टिकत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या मराठी मासिकांची मागची पानं चाळा. धातुपौष्टिक गोळ्या, केस वाढवणारी तेलं, सगळ्या रोगांवर एकच रामबाण. पुढच्या पानांवर समाजसुधारणा आणि मागच्या पानांवर मर्दानी ताकद, असा संसार कित्येक मासिकांनी वर्षानुवर्षं केला. गांधींनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'मध्ये जाहिराती घेतल्याच नाहीत. ते थोर खरंच, पण गांधींना वर्गणीदार मिळत होते. तुमच्या-आमच्यासारख्याने तो प्रयोग केला, तर महिन्याभरात सर्व्हरचं बिल थकेल.

मागच्या पानांवरच्या या गर्दीत दापोली तालुक्यातला तिसरा माणूस सापडतो, आणि माझ्या मते या विषयात सगळ्यात महत्त्वाचा तोच. मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत चालवलं, बहुतेक काळ पदरमोड करून. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' पाहिला असेल, तर एवढं तुम्हाला माहीत असेलच.

कर्व्यांची पंचाईत काय होती, ते बघा. गर्भ कसा राहतो, तो कसा टाळायचा, साधनं कुठली, हे ते लोकांना सांगत होते. वरवर पाहणाऱ्याला ही माहिती आणि शेजारची धातुपौष्टिकवाल्याची जाहिरात यांत फरक दिसत नव्हता. दोन्हींचा विषय एकच, दोन्ही 'तसलं'. सरकारलाही फरक दिसला नाही. १९३१मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून पुन्हा खटला झाला. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. ज्यांच्या पत्राची जाहिरात चौदा वर्षांपूर्वी बाहेर ठेवली गेली होती, तेच आता दुसऱ्याच्या मासिकासाठी उभे राहिले. खटला हरले. दंड दोनशे रुपये.

कर्वे गेले ते ऑक्टोबर १९५३मध्ये. पुढच्याच वर्षी संसदेने औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. भोंदू औषधवाल्यांना लगाम घालणारा हा कायदा गरजेचाच होता. पण त्याचं तिसरं कलम वाचा. बंदी घातलेल्या जाहिरातींच्या यादीत लैंगिक सुख वाढवणारी औषधं आहेत, आणि स्त्रियांमधली गर्भधारणा रोखणारी औषधंही आहेत. कर्वे आयुष्यभर ज्यांच्यापासून स्वतःला वेगळं काढत राहिले, त्यांच्याच रांगेत कायद्याने त्यांचा विषय बसवला. तोही अशा वेळी, जेव्हा १९५२पासून भारत सरकारचाच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला होता! सरकारी जाहिरातींना कायद्यात सूट होती, त्यामुळे सरकारचं अडलं नाही. १९६८मध्ये सरकारनेच 'निरोध' बाजारात आणला.

कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिलं. डिसेंबर १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातला काही भाग काढून टाकला, पण अशा जाहिराती म्हणजे व्यापार, विचारस्वातंत्र्याशी त्यांचा संबंध नाही, असं म्हटलं. १९९५मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं.

आज कायद्याच्या आधी यादी काम करते, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. मी जाहिरातदार अडवतो, तसे जाहिरातदारही शब्द पाहून पानं अडवतात. २०२०मध्ये महासाथीच्या बातम्यांना जगभर विक्रमी वाचक मिळाले, पण 'कोरोना' शब्द असलेल्या पानांवर जाहिरात नको, असं अनेक कंपन्यांनी ठरवून टाकलं होतं. वाचक वाढले आणि त्या पानांवरचे पैसे आटले. 'समाजस्वास्थ्य' आज वेबसाइट असती, तर तिच्या बहुतेक पानांवरचे चौकोन रिकामेच राहिले असते.

तर माझी यादी. झटपट श्रीमंती बंद. ज्योतिष आणि काळी जादू बंद. यातून बऱ्यापैकी पैसे येत होते, हे त्याच पडद्यावर दिसतं. वजन घटवणंही बंद, कारण त्यातल्या जाहिराती मी दोन आठवडे रोज पाहिल्या आणि त्यात एकही धड सापडली नाही. 'लैंगिक व प्रजनन आरोग्य' मात्र चालू ठेवलंय. त्या एका बटणाखाली गर्भनिरोधकं, वंध्यत्वावरची उपचारकेंद्रं आणि ताकदीच्या गोळ्या, सगळे एकत्र राहतात. त्यामुळे तो प्रकार उघडा ठेवून गोळ्यावाल्यांचे पत्ते एकेक करून अडवावे लागतात. हे किचकट काम आहे. एक अडवला की आठवड्यात तोच नवं नाव घेऊन येतो. दर सोमवारी मी अर्धा तास त्यात घालवतो. परवा त्या यादीत एका कुटुंबनियोजन संस्थेची जाहिरात दिसली, घाईत तीही गोळ्यांसारखीच वाटत होती. उघडून पाहिली आणि राहू दिली.