फडाला पत्ता नसतो

मित्राच्या लग्नाला निघालो की आपण सहज म्हणतो, "लोकेशन टाक." आमच्या युसूफ वडगावात, म्हणजे बीडच्या केज तालुक्यात, ऊसतोडीला गेलेल्यांसाठी हे दोन शब्द कधी जिवावरचे ठरतात.

आजी सांगायची, टोळी कुठल्या फडात आहे हे पट्टा पडून माणसं परतल्यावरच कळायचं. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडची आणखी माणसं उचल घेऊन निघाली. पण १९४८ चा कारखाने कायदा कारखान्याच्या आवारापुरता होता. आतल्या यंत्राला कुंपण लागलं. फड आवाराबाहेर, मजूर मुकादमाचा, म्हणून कोयत्याला कुणी विचारलं नाही.

२०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण रात्री कोपीत साप चावला, तर परमुलखातला मजूर शिवाराचं नाव काय सांगणार? आज या फडात, उद्या त्या. रेंज असली तर टोळीतलं एखादं पोरगं चालकाला लोकेशन टाकतं. फडाला पहिल्यांदाच पत्ता मिळतो.

तेच लोकेशन मुकादमाकडे गेलं, तर पाळत होते. म्हणून नकाशावरचा ठिपका पुरत नाही. यंत्राचं कुंपण मालकाच्या मर्जीनं नाही, कायद्यानं आलं. ठिपका दिसल्यावर धावायचं कुणी, हेही तसंच ठरायला हवं.

तोवर गाडीत बसणाऱ्यांना मी एवढंच सांगतो : फड बदलला, की घरी लोकेशन टाका.